माळ्यावरचं गवत

घोड्याला भूक लागली की ते काहीही खातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी घोडं पाळलेलं नसतं. लग्न होऊन जालन्याला येईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. आमच्या गावाकडं, राजूरच्या अलीकडं, घरोघर बैल होते, म्हशी होत्या, शेळ्या होत्या. घोडा दिसायचा तो वरातीत, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडं. जनावर म्हणजे पुढ्यात टाकलं ते निमूट खाणारं, एवढीच माझी समजूत. सासरी आले आणि पाहते तर घरात सगळ्यांत जास्त नखरे घोडीचे. सासूबाई म्हणायच्या, या घरात मानाच्या दोघीच, एक देव्हाऱ्यातली देवी आणि एक दारातली घोडी. सुनेचा नंबर त्यानंतर पुष्कळ खाली होता, ते मला कुणी वेगळं सांगायची गरज पडली नाही.

सासरे टांगा चालवायचे. मस्तगडाच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढं मोठं अंगण, आणि अंगणाच्या एका बाजूला पत्र्याखाली घोडीची जागा. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गावात मोटारी अजून बोटावर मोजण्याइतक्याच होत्या. रेल्वेतून उतरलेल्या माणसाला टांग्याशिवाय गती नव्हती. आमचे हे कापसाच्या जिनात कामाला जायचे, पण ते काम हंगामापुरतं. बारमाही चूल पेटायची ती घोडीच्या जिवावर.

घोडी तांबडी होती, कपाळावर पांढरा टिळा. सासरे स्वतःचा चहा घ्यायच्या आधी तिला खरारा करायचे. हरभऱ्याची चंदी तोबऱ्यात भरून तिच्या तोंडाला बांधायचे आणि ती खाईपर्यंत तिथंच उभे राहायचे. मला म्हणायचे, चंदी म्हणजे आपलं कालवण, आणि गवत म्हणजे भाकरी. कालवण कमी पडलं तर चालतं, भाकरी कमी पडून चालत नाही.

त्या वर्षी भाकरीच कमी पडली. पाऊस आला तसा गेला. डोंगराकडच्या कुरणांत गवत गुडघ्याच्या वर आलंच नाही. दिवाळीनंतर वाळल्या गवताच्या गाड्या जालन्यात लागायच्या, पण त्या वर्षी इतक्या थोड्या आल्या की टांगेवाले पहाटेच जाऊन वेशीपाशी थांबायचे. पुढं गाड्याही बंद झाल्या आणि डोक्यावर भारे आणणाऱ्या बाया तेवढ्या उरल्या. सासरे दिवस मावळताना गवताच्या अड्ड्यावर जायचे आणि काखेत दोन पेंढ्या मारून परत यायचे. घोडीच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या.

संक्रांतीला माझे वडील मला भेटायला आले. त्यांना मी दादा म्हणायचे. दादांचं आमच्या घरी येणं म्हणजे एक सोहळाच असायचा, आणि तो बघून मला हसू यायचं आणि रागही यायचा. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पुष्कळ बाप ती पाळल्यासारखी करायचे आणि हळूच चहा घ्यायचे. दादा नाही. ते अंगणात येऊन बाजेच्या कडेवर बसायचे, सासूबाई तांब्या पुढं करायच्या, ते हात जोडायचे. तहान लागली की उठून समोरच्या मारवाड्याच्या दुकानापुढं जो रांजण होता, त्यातलं पाणी पिऊन परत यायचे. उन्हातान्हात सात कोस गाडी हाकून आलेला माणूस लेकीच्या दारात कोरडा बसतो आणि समोरच्या दुकानात जाऊन पाणी पितो, हे मला कधीच गोड वाटलं नाही. मी तसं एकदा बोलले, तर म्हणाले, रीत आपल्याला कुठं विचारते.

त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं होतं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी काही मागितलं नव्हतं. मुलगी आणि नारळ द्या, म्हणाले, आणि तसंच निभावलं. पुढंही कधी टोमणा नाही की खोचक बोलणं नाही. दुसरा बाप सुटलो म्हणाला असता. दादांना ते उपकार वाटायचे. या माणसासाठी आपण काहीतरी करायला पाहिजे, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. संक्रांतीला त्यांनी घोडीच्या फासळ्या पाहिल्या, सासूबाईंकडून गवताची कहाणी ऐकली, आणि जाताना त्यांचा चेहरा मला खुललेला दिसला. त्याचं कारण तेव्हा कळलं नाही.

माघात एका दुपारी आमच्या दारात गवतानं भरलेली गाडी उभी राहिली. धुरेवर दादा, पुढं आमची बैलजोडी. दोन्ही बैल मी लहान गोऱ्हे असल्यापासून पाहिलेले, माझ्या हातून कोंडा खाल्लेले. मी पळतच गेले आणि आधी बैलांच्या गळ्यात पडले, मग दादांना वाकून नमस्कार केला.

ते गवत पाहून गल्लीतले लोक थांबले. लांब काडीचं, सोनेरी, एकसारख्या पेंढ्या बांधलेलं पवन्या गवत. आमच्या घरी गवत दोन ठिकाणी असायचं. एक गंज मळ्यात उघड्यावर, तिच्यावर ऊन-वारा बसून वरचं गवत करडं पडायचं. दुसरं गोठ्याच्या माळ्यावर, थेट बैलांच्या डोक्यावर. निवडून काढलेलं उत्तम गवत तेवढं तिथं जायचं आणि अडीअडचणीसाठी राखलेलं असायचं. मागल्या वर्षीचं ते सगळं राखीव गवत दादा माळ्यावरून उतरवून घेऊन आले होते. मी म्हटलं, दादा, गंजीतलं आणायचं की, हे कशाला काढलं? ते म्हणाले, "लेकीच्या घरी का उघड्यावरचं आनायचं? बैलांला काय, ते गंजीचं खातेत."

अंगणाच्या भिंतीला लागून त्यांनी स्वतः गवत रचलं. कुणाला हात लावू दिला नाही. पेंढीला पेंढी चिकटवून, वर उतार काढून, असं रचलं की पत्र्यापर्यंत भिंतच उभी राहिली. संध्याकाळ व्हायच्या आधी त्यांना निघायचं होतं. गाडी जुंपताना सासरे टांगा घेऊन आले. त्यांनी ती रास पाहिली. दादांचे दोन्ही हात धरून उभे राहिले. मग म्हणाले, पाव्हणं, माझ्या घोडीचं नशीब उघडलं. दादा एवढंच म्हणाले की जनावर सुखी तर घर सुखी. बैलगाडी गल्लीच्या वळणापर्यंत गेली तरी त्यांची मान ताठ होती. आयुष्यात मी त्यांना इतकं समाधानी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

घोडीला टांग्यातून सोडलं, पाणी दाखवलं, आणि सासऱ्यांनी अख्खी पेंढी तिच्या पुढ्यात सोडली. तिनं मान खाली घातली, हुंगलं, आणि नाकानं गवत बाजूला सारलं. मग पायानं सारलं. सासऱ्यांना वाटलं, थकली असेल. सकाळी पाहिलं तर ती पेंढी तशीच तिच्या पायाखाली तुडवलेली. दुसरी टाकली, तीच गत.

त्यानंतर आमच्या घरात जे उपाय झाले ते एखाद्या आजाऱ्यालाही झाले नसतील. पेंढ्या सोडून उन्हात पसरल्या. झटकल्या. मिठाचं पाणी शिंपडलं, ते तिनं वरवर चाटलं आणि काड्या तशाच ठेवल्या. सासूबाईंनी घरातला गूळ कालवून शिंपडला, तर मुंग्या झाल्या. अड्ड्यावरच्या गवतात मिसळून घातलं, तर तिनं ओठांनी निवडून निवडून तेवढं दुसरं खाल्लं आणि आमचं जिथल्या तिथं. मग कुणीतरी सांगितलं, दुसरं काही देऊच नका, पोटात आग पडली की खाईल. सासऱ्यांनी मन घट्ट करून तेही केलं. घोडी दिवसभर मान खाली घालून उभी राहिली, भिंतीचा पोपडा चाटत. संध्याकाळी सासरे उठले आणि अड्ड्यावर गेले.

शेवटी ते एक मूठ गवत घेऊन स्टेशनवरच्या टांग्यांच्या थांब्यावर गेले. तिथं एक म्हातारे चाचा होते, त्यांच्या तीन पिढ्या घोड्यांत गेलेल्या. त्यांनी मूठ नाकाशी धरली आणि परत दिली. "धुवाँ बैठेला है इसमें, भाई. मर जाती, पन खाती नईं."

घरी येऊन सासऱ्यांनी ते सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा गोठा उभा राहिला. रोज दिवेलागणीला दादा गोठ्यात धुरी करायचे. शेणाच्या गोवऱ्या आणि त्यावर कडुलिंबाचा ओला पाला. पावसाळ्यात डासांसाठी, गोमाशांसाठी, आणि थंडीत बैलांना ऊब मिळावी म्हणून. तो कडू धूर वर चढायचा आणि माळ्यावर कोंडून राहायचा. बैल त्या धुरातच वाढलेले, त्यांना तो घरचा वास. मीही त्यातच वाढले, म्हणून तर त्या पेंढ्या हातात घेताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट माहेरचा वास आला म्हणून मी खुशीत होते. उघड्यावरच्या गंजीतलं करडं गवत आणलं असतं, तर घोडीनं मिटक्या मारत खाल्लं असतं. दादांनी निवडून चांगलं आणलं, तिथंच सगळं फसलं.

मला वाटलं, आता साधी गोष्ट आहे. दादांना निरोप द्यायचा, ते गाडी घेऊन येतील, गवत परत नेतील, बैल खातील, झालं. सासऱ्यांनी मला समोर बसवलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही. "पोरी, तुझ्या बापानं राखणीचं गवत काढून आनलं. ते जनावरानं हुंगून सोडलं, हे म्या कोन्त्या तोंडानं सांगू? त्यांला कळू द्यायचं न्हाई." सासूबाईंनी सुचवलं की मग विकून तरी टाकू, बैलवाले घेतील. व्याह्याचं देणं बाजारात मांडायचं? सासऱ्यांना तो विचारही सोसला नाही. तेव्हा गवत तिथंच राहिलं. ती सोनेरी भिंत दिवसेंदिवस आमच्या अंगणात उभी, आणि घोडी तिच्याकडं पाठ करून दोन पेंढ्यांवर दिवस काढतेय. मी सकाळी अंगण झाडायची तेव्हा मला त्या गवताचा, घोडीचा आणि दोन्ही म्हाताऱ्यांच्या भलेपणाचा सारखाच संताप यायचा.

शाळू काढणीला आला आणि गारा पडल्या. जालन्यात नुसता वारा आणि चार थेंब, पण राजूरकडं दोन दिवस झोडपलं असं ऐकलं. आठवड्यानं माझा चुलतभाऊ बाजाराला आला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. शाळू आडवा झाला, कडबा काळा पडला. मळ्यातल्या गंजीत पाणी शिरलं, आतून वाफा निघायला लागल्या, उपसून पाहिलं तर सगळी बुरशी. ते खाऊन बैलांची पोटं बिघडली. आता दादा त्यांना झाडाचा पाला ओरबाडून घालत होते. माळ्यावर काही नव्हतंच, माळा तर आमच्या अंगणात होता.

मी भाकरी थापत होते. तशीच पिठाच्या हातानं सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मामा, आता तरी. ते उठले, त्याच दिवशी राजूरकडं परतणाऱ्या एका गाडीत बसून गावाला गेले. मला वाटलं, सुटले एकदाचे.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातानं परत आले. काय झालं ते त्यांनी सासूबाईंना सांगितलं, मी आतून ऐकलं. त्यांनी वाटेत बोलायचं ठरवून ठेवलं होतं, की आमचं अंगण अपुरं पडतंय, थोडं गवत तुमच्याकडं आणून ठेवतो. घोडी खात नाही, हे तेव्हाही सांगायचं नव्हतंच. पण दादांनी त्यांना तिथवर येऊच दिलं नाही. पुरण घातलं, पाटाभोवती रांगोळी काढली. चाऱ्याचं विचारलं तर म्हणाले, मायंदळ हाय, काई काळजी करू नका. बैल कुठं आहेत विचारलं तर म्हणाले, रानात चराया गेलेत. चैत्राच्या उन्हात रानात काय चरतात, धुरळा? सासऱ्यांना कळलं की बैल मुद्दाम दुसरीकडं नेऊन बांधलेत, पाहुण्यांना त्यांची हाडं दिसू नयेत म्हणून. निघताना दादांनी विचारलं, घोडी आता भरली असंल न्हाई का अंगानं? आणि सासरे म्हणाले, तर, वळखू येत न्हाई.

एक म्हणतो चारा भरपूर आहे, दुसरा म्हणतो घोडी भरली. दोघंही आयुष्यात कुणाशी खोटं न बोललेले, आणि एकमेकांशी एवढंच बोलले. मला त्या दिवशी रडू आलं नाही. चुलीत लाकडं जोरजोरात कोंबत बसले, तेवढंच करता येण्यासारखं होतं.

वैशाखात जनावरांच्या बाजाराच्या दिवशी दादा आले. गाडी नव्हती. बरोबर एकच बैल होता, डावीकडचा, माझ्या हातचा कोंडा खाल्लेला. मी त्याला ओळखलं ते शिंगावरून. अंगाची पार रया गेली होती, कातडी हाडांवर नुसती टाकल्यासारखी. दादांनी मला सांगितलं, बाजाराला चाललोय, वाटेवर होतं म्हणून तुझं तोंड पाहायला आलो. मी विचारलं, त्याचा जोडीदार? ते म्हणाले, घरी हाय. एकाला विकल्याबिगर दुसरा वाचत न्हाई. त्यातून चार पेंढ्या घेऊन जाईन म्हणतो.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी बैलाला आत घ्या म्हटलं, हौदातलं पाणी तरी पाजा. दादांनी क्षणभर विचार केला, मग म्हणाले, मुक्या जनावराला कसली आलीय रीत. बैल पाणी प्यायला. स्वतः दादा समोरच्या रांजणाकडं गेले, आणि त्यांची पाठ वळली तेवढ्यात बैलानं मान उचलली. त्याला वास आला होता. त्यानं दावं माझ्या हातातून हिसडलं आणि सरळ भिंतीकडं गेला. सबंध पेंढी तोंडात घेऊन ओढली. काड्या दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या आणि तो डोळे मिटून खात होता. मी दावं धरायला गेले नाही.

दादा धावत आले. बैलावर त्यांनी कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याच्या नाकाडावर त्यांनी फाडकन मारलं आणि तोंडातली पेंढी ओढायला लागले. सासूबाईंकडं बघत म्हणत होते, माफ करा, जनावर हाय, त्याला कळत न्हाई. बैल पेंढी सोडेना. त्याच वेळी सासरे टांगा घेऊन दारात आले. त्यांनी लगाम टाकला आणि येऊन दादांचा हात धरला.

"खाऊ द्या पाव्हणं. आमची घोडी तोंड लावत न्हाई त्याला. एक काडी खाल्ली न्हाई तिनं."

दादांनी गवताकडं पाहिलं. माघात त्यांनी रचली होती तशीच भिंत होती, वरचा उतारसुद्धा तसाच. मग दारात उभ्या घोडीकडं पाहिलं. मग एक मूठ उपसून नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मला वाटतं, आयुष्यभर नाकात बसलेला वास वेगळा काढून ओळखायला माणसाला वेळ लागत असेल. धुरी, ते म्हणाले. आणि खाली बसले.

बैलाच्या खाण्याचा तेवढा आवाज येत होता. सासऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, बैलाला माघारी न्या, गाडी मी करून देतो, आजच्या आज सगळं गवत घेऊन जा, दोन्ही बैल वाचतील. मी डोक्यावरचा पदरही सावरला नाही. सासऱ्यांच्या पुढं येऊन बसले आणि दादांचे पाय धरले. म्हटलं, दादा, तुमचंच आहे ते, तुमच्या हातानं रचलेलं. इथं ते कुजणार आहे, दुसरं काही होणार नाही.

दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले नव्हते. उलट लहान मुलाला समजावतात तसं बोलले. "दिलेलं गवत हाय, बाई. लेकीच्या घरून बाप काई नेत नसतो. आज गवत नेलं, उंद्या लोक म्हनतील, पोरगी बी परत नेईल."

मी म्हटलं, कोण लोक? इथं चार माणसं आहोत. मी त्यांचे पाय सोडले, आणि त्यांच्याशी बोलायचंच सोडून दिलं. मला त्यांच्यावर इतकं प्रेम होतं आणि त्या घटकेला त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

बैलाला मात्र त्यांनी पुन्हा अडवलं नाही. स्वतः पुढं होऊन पेंढ्यांचे बंद सोडून दिले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, भरल्या पोटाचं जनावर बाजारात बरं दिसतं. त्याचं पोट फुगेपर्यंत ते तिथं उभे राहिले. मग दावं धरून निघाले. बैल दारातून बाहेर जाताना तोंडातला घास चघळत होता, आणि मान वळवून परत आत यायला बघत होता.

ते गवत मृगाच्या पावसात तिथंच काळं पडलं. सासऱ्यांनी ते उकिरड्यावर नेलं तेव्हा मी माहेरी होते, ते बरं झालं. दादांचा दुसरा बैल उन्हाळ्यातून वाचला, पण एका बैलावर औत चालत नाही. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं त्यांनी शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून पेरलं, शेजाऱ्याचं आधी आणि आपलं मागून, ओल निघून गेल्यावर. पुढं माझी मुलगी झाली. त्या वर्षी दादा आमच्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायले, तांब्या मीच पुढं केला.

पण मला विसरता येत नाही ती त्याच बाजारच्या दिवसाची संध्याकाळ. दादा बैल घेऊन गेल्यावर सासऱ्यांनी टांगा पुन्हा बाहेर काढलाच नाही. दुपारभर घोडीजवळ बसून राहिले. दिवस कलला तेव्हा उठले, घोडीला लागेल म्हणून गवताच्या अड्ड्यावर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या काखेत एकच पेंढी होती. मी विचारलं, मामा, एवढंच? त्यांनी पेंढी घोडीपुढं टाकली. ती खाईपर्यंत नेहमीसारखे तिथंच उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता बोलले.

"एकच बाई आल्ती आज गवत घेऊन. तुझे दादा तिच्यापाशी उभे होते, खांद्यावर नुसतं दावं. मी इचारलं, बरं हाय का? ते म्हनले, बरं हाय. दोघांलाबी गवतच घ्यायचं होतं. पाव्हणे मानूस. म्या त्यांला आधी घेऊ दिलं."